एअरसॉफ्ट रायफलसाठी पट्टा कसा निवडावा

एअरसॉफ्ट म्हणजे खऱ्या बंदुकांच्या प्रतिकृतींतून प्लास्टिकच्या बारीक गोळ्या मारत खेळायचा खेळ. त्यातील रायफलचा पट्टा, ज्याला खेळाडू सर्रास स्लिंग म्हणतात, तो घेताना बहुतेकांचे लक्ष रंगाकडे, किमतीकडे आणि छायाचित्रात तो कसा दिसतो याकडे असते. प्रत्यक्षात पट्ट्याचे कापड फाटल्याची उदाहरणे फार थोडी असतात. तुटते ती कडी, निखळतो तो हुक, आणि त्याहूनही अधिक वेळा तडकते ते रायफलचे स्वतःचे प्लास्टिक. म्हणून निवडीची सुरुवात दुकानात न करता घरी, रायफल टेबलावर ठेवून करावी. आधी जोड पाहावेत, मग पट्ट्याचा प्रकार ठरवावा, त्यानंतर लांबी, रुंदी आणि कापड यांचा विचार करावा. रंग शेवटी पाहिला तरी चालतो.

आधी रायफल तपासावी

तपासणीपूर्वी डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावावा, मॅगझिन काढावी, सुरक्षित दिशेने एक-दोनदा ट्रिगर दाबून आत राहिलेली गोळी बाहेर पडू द्यावी आणि मग बॅटरी सोडवावी. त्यानंतर रायफलचे वजन मॅगझिन आणि दुर्बिणीसह करावे. सामान तोलण्यासाठी मिळणारा टांगता काटा यासाठी पुरतो. प्लास्टिक बॉडीची, एम-४ पद्धतीची विजेवर चालणारी रायफल साधारण दोन ते अडीच किलोची असते, धातूच्या बॉडीची तीन किलोच्या आसपास जाते, लाकूड आणि पोलाद वापरलेली एके त्याहून थोडी जड भरते, तर एम-२४९ सारख्या धातूच्या मशीनगनची प्रतिकृती सहा-सात किलोंपर्यंत पोहोचते. गॅसवर चालणाऱ्या रायफलची भरलेली मॅगझिन एकटीच अर्ध्या किलोच्या घरात असते, त्यामुळे रिकाम्या रायफलच्या वजनावर विसंबू नये. शिवाय हे वजन स्थिर उभे असतानाचे आहे. शेताच्या बांधावरून उडी मारताना किंवा उतारावरून धावताना जोडावर बसणारा झटका त्याच्या कितीतरी पट असतो.

पुढच्या बाजूला कडी कोठे आहे हे आता पाहावे. स्वस्त रायफलींत ती समोरच्या माशीच्या (नेम धरण्याच्या खुंटीच्या) खाली, बाहेरच्या नळीवर असते. ही नळी अनेकदा मऊ मिश्रधातूची किंवा प्लास्टिकची असते आणि तिचा आधार फक्त मागच्या टोकाला असतो. त्यामुळे टोकाला बांधलेला पट्टा सतत ओढला गेला, की नळी सैल होते, कधी किंचित वाकते, आणि नेम सरकू लागतो. हॅण्डगार्डच्या (नळीभोवतीच्या, हाताने धरायच्या आवरणाच्या) मागच्या अर्ध्या भागात, म्हणजे बॉडीच्या जवळ, जोड घेतला तर हा ताण बराच कमी होतो. हॅण्डगार्डवर पिकॅटिनी रेल (साहित्य अडकवण्याची दातेरी पट्टी) असेल तर तिच्यावर बसणारी कडी घ्यावी, आणि एम-लॉक खाचा (साहित्य स्क्रूने बसवण्याच्या लांबट खाचा) असतील तर त्या पद्धतीची. बॉडीच्या जवळ जोड घेतल्याने रायफल अंगाशी घट्ट राहते, हा आणखी एक लाभ. मात्र फारच मागे नेल्यास तोंडाकडचा भाग खाली झुकतो, हे लक्षात ठेवावे.

येथे एक धोका अनेकांच्या लक्षात येत नाही. ज्या रायफलींत बॅटरी हॅण्डगार्डच्या आत बसते, तेथे एम-लॉक कडीच्या स्क्रूचे टोक आतल्या बाजूला बाहेर येते. ते टोक लिथियम-पॉलिमर बॅटरीला टोचले, तर बॅटरी फुगू शकते किंवा पेट घेऊ शकते. कडी बसवल्यावर हॅण्डगार्ड काढून आत बोट फिरवावे, स्क्रू लांब असेल तर तो कापून घ्यावा किंवा आखूड स्क्रू वापरावा, आणि तारा त्या जागेवरून जात नाहीत याची खात्री करावी.

मागच्या बाजूचा प्रश्न दस्त्याचा, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या भागाचा आहे. मागे-पुढे सरकणाऱ्या दस्त्याच्या टोकाला पट्टा बांधला, तर ओढ बसताच दस्ता स्वतःच सरकतो आणि त्याची खाच झिजते. एम-४ पद्धतीच्या रायफलीत बॉडी आणि दस्त्याची नळी यांच्यामध्ये बसणारी कडीची प्लेट हा अधिक चांगला उपाय आहे. ती बसवताना मात्र नळी सोडवावी लागते, आणि बॅटरी दस्त्यात असेल तर तारा त्याच नळीतून जातात. नळी तशीच फिरवली तर तारा पिळल्या जातात किंवा प्लेटच्या धारेवर सोलल्या जातात. हे काम ज्याला रायफल उघडता येते त्याच्याकडूनच करून घ्यावे. योग्य मापाची प्लेट मिळत नसेल, तर जुनी प्लेट नमुना म्हणून नेऊन बेळगावच्या उद्यमबागेतील एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये ती स्टेनलेस स्टीलची कापून मिळू शकते. यंत्रभाग करणाऱ्यांची या गावात वानवा नाही, आणि बाजारातील जस्ताच्या ओतीव प्लेटपेक्षा ती निश्चित टिकते. कडा कानशीने गोल करून घ्याव्यात, एवढेच सांगण्यास विसरू नये.

लाकडी दस्त्याची एके किंवा बोल्ट ओढून चालवायची लांब रायफल असेल, तर कड्या बहुधा मुळातच दस्त्याला असतात. त्या लाकडात घट्ट बसल्या आहेत की केवळ लहान स्क्रूवर टेकल्या आहेत, एवढे पाहिले म्हणजे पुरते.

एक जोड, दोन जोड की तीन

एका जोडाचा पट्टा रायफलच्या मध्याशी, बॉडीच्या मागे जोडला जातो आणि गळ्याभोवती फेरा घेतो. रायफल या खांद्यावरून त्या खांद्यावर नेणे त्यात फार सोपे असते. म्हणून बंदिस्त इमारतीत, दारे-खिडक्यांच्या आडून खेळणाऱ्यांना तो आवडतो. एमपी-५ सारख्या आखूड, दोन किलोंच्या आसपासच्या बंदुकीला तो शोभतो. पण हात सोडताच रायफल सरळ खाली लोंबते, चालताना गुडघ्यांवर आदळते आणि धावताना तर नको तेथे लागते. त्यातच ताणणारे रबर असेल तर प्रत्येक पावलाला ती वरखाली उडते. आपल्याकडील खेळ बहुतेक मोकळ्या रानात, बंद पडलेल्या वीटभट्टीवर किंवा फार्महाऊसच्या आवारात होतात, तेथे चालणे अधिक आणि दारे कमी. अशा ठिकाणी एका जोडाच्या पट्ट्याची शिफारस करणे मला जमत नाही.

दोन जोडांचा पट्टा हाच बहुतेकांसाठी योग्य आहे. तो पुढे आणि मागे असा दोन ठिकाणी बांधला जातो, रायफल छातीवर तिरकी राहते, पाठीवर टाकता येते आणि वजन खांद्यावरून पाठीवर पसरते. त्यातही नुसता बक्कल सरकवून लांबी बदलणारा पट्टा आणि एका ओढीत सैल-घट्ट होणारा पट्टा यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात पुढच्या बाजूला एक ओढणी असते. ती एका दिशेला ओढली की पट्टा अंगाशी आवळतो, उलट दिशेला ओढली की रायफल खांद्याला लावण्याइतका सैल होतो. कुंपण ओलांडताना, मॅगझिनमध्ये गोळ्या भरताना किंवा पडलेल्या सोबत्याला हात देताना दोन्ही हात मोकळे लागतात, आणि त्या वेळी रायफल हेलकावे खात राहिली तर सगळा पट्टाच व्यर्थ ठरतो. मॅगपुल कंपनीचे पट्टे किंवा ब्लू फोर्स गिअरचा विकर्स पट्टा ही या घडणीची प्रसिद्ध उदाहरणे. त्यांच्या असंख्य नकला स्वस्तात मिळतात. नक्कल घेण्यात मला आक्षेप वाटत नाही. फक्त ओढणी जेथे अडकते ते बक्कल ताणाखाली घसरत नाही ना, हे विकत घेण्यापूर्वी स्वतः ओढून पाहावे.

एकाचे दोन जोड करता येणारे पट्टेही असतात. पुढचा हुक काढून मागच्याच कडीत अडकवला, की तो एका जोडाचा होतो. कल्पना चांगली आहे, पण हुक जितके अधिक तितका खडखडाट अधिक. तीन जोडांच्या पट्ट्याविषयी थोडक्यात सांगायचे तर तो घेऊ नये: त्याची एक पट्टी रायफलच्या अंगावरून आडवी जाते, ती बोल्टच्या दांड्यात, सिलेक्टरमध्ये (माऱ्याचा प्रकार बदलणाऱ्या खटक्यात) आणि घाणेरीच्या झुडपात सारख्याच उत्साहाने अडकते.

शालेय वा महाविद्यालयीन वयात एनसीसीमध्ये पालथे पडून नेमबाजी केलेल्या अनेकांना पट्टा दंडाला आवळून नेम धरण्याची सवय असते. क्रीडा नेमबाजीत त्याला आधार आहे: ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात गुडघ्यावर आणि पालथे पडून नेम धरताना पट्टा चालतो, त्याची रुंदी ४० मिमीपर्यंतच असावी लागते, आणि १० मीटर एअर रायफलमध्ये, जेथे उभे राहूनच मारायचे असते, तो चालत नाही. एअरसॉफ्टमध्ये या पद्धतीचा लाभ नगण्य आहे. ६ मिमी व्यासाची, पाव ग्रॅमच्या आसपास वजनाची प्लास्टिकची गोळी पन्नास मीटरवर जाईपर्यंत वारा तिला जितकी हलवतो, त्यापुढे हाताचा कंप काहीच नाही, आणि हलक्या रायफलीत दंडाची ओढ उलट नळीलाच वाकवते.

लांबी आणि रुंदी

माप नेहमी खेळाचा पूर्ण पोशाख घालूनच घ्यावे. नुसत्या शर्टावर बरोबर बसलेला पट्टा मॅगझिनचे खिसे असलेल्या जॅकेटवर हमखास आखूड पडतो. उजव्या हाताच्या खेळाडूने पट्टा डाव्या खांद्यावरून पाठीवर तिरका नेऊन उजव्या काखेखालून पुढे आणावा. डावखुऱ्याने याच्या उलट. रायफल छातीशी धरावी आणि सोबत्याला शिंप्याची टेप देऊन पुढच्या कडीपासून याच मार्गाने मागच्या कडीपर्यंतचे अंतर मोजायला सांगावे. येणाऱ्या मापात १५ ते २० सेंटिमीटर मिळवले म्हणजे सैल स्थितीतील लांबी मिळते. पट्ट्याची लांबी याहून थोडी पुढेही जावी आणि पाठीवर आवळण्याइतकी मागेही यावी. पट्टा सैल असताना रायफल दोन्ही खांद्यांना लावून पाहावी, गुडघ्यावर बसून नळीचे तोंड मातीत रुतत नाही ना हे पाहावे. तांबड्या मातीचा एक खडा नळीत गेला तरी पुढची गोळी अडकते.

कड्या रायफलच्या कोणत्या बाजूला आहेत यावरही पट्ट्याचा पीळ अवलंबून असतो. वरील पद्धतीने पट्टा घेणाऱ्या उजव्या हाताच्या खेळाडूला पुढची कडी डाव्या बाजूला सोयीची पडते. दोन्ही बाजूंना भोक असलेली मागची प्लेट मिळाली तर घ्यावी, कारण डावखुऱ्या मित्राला रायफल देण्याची वेळ येतेच.

रुंदीत बाजारात २५ मिमी, ३२ मिमी आणि ३८ मिमी ही मापे आढळतात. तीन किलोंपर्यंतच्या रायफलला ३२ मिमी पुरेशी आहे. २५ मिमीचा पट्टा हलका असतो, पण अर्ध्या दिवसाच्या खेळात मानेला काचतो. खांद्यावर ५० मिमीची फोमची गादी असलेले पट्टे सहा किलोंच्या मशीनगनसाठी ठीक आहेत. हलक्या रायफलला ती गादी केवळ घाम धरून ठेवते. गादी घ्यायचीच असेल तर तिचा आतला थर जाळीच्या कापडाचा असावा.

कापड, शिलाई आणि हुक

बेळगाव सीमाभागातील हवामान एकसारखे नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात महिनोन्‌महिने कपडे वाळत नाहीत, तर अथणी आणि रायबागकडे काळ्या मातीची धूळ आणि ऊन हा प्रश्न असतो. नायलॉन चिवट आहे, घासला तरी लवकर झिजत नाही. पण तो हवेतील ओलावा आपल्या वजनाच्या सुमारे ४ टक्के शोषतो आणि भिजल्यावर थोडा सैल पडतो. पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी ओलावा घेते, ताणले कमी जाते आणि उन्हात अधिक टिकते. पश्चिमेकडे खेळणाऱ्यांनी म्हणूनच पॉलिएस्टरला प्राधान्य द्यावे. जुन्या लष्करी पद्धतीचे सुती पट्टे दिसायला सुंदर असतात, पण पावसात ते जड होतात, वाळायला दोन दिवस घेतात आणि बुरशी धरतात.

मोटारीच्या सीटबेल्टचा पट्टा करून घेण्याची टूमही दिसते. ते कापड पॉलिएस्टरचेच असते आणि मजबूतही, परंतु त्याची रुंदी ४७-४८ मिमी असल्यामुळे नेहमीच्या बकलांत ते बसत नाही, आणि गुळगुळीत असल्याने दुमडून बसवले तर घसरते.

कातड्याचा पट्टा हवा असेल, तर आपल्या भागाइतकी सोय फार थोड्या ठिकाणी आहे. कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे जिल्हेही आहेत, आणि अथणी, निपाणीचे कारागीर वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेले कातडे पिढ्यान्‌पिढ्या हाताळत आले आहेत. लाकडी दस्त्याच्या एकेला किंवा जुन्या धाटणीच्या बोल्ट रायफलला ३२ मिमी रुंदीचा असा पट्टा शोभून दिसतो. कारागिराला जाडी तीन मिमीच्या आसपास ठेवायला आणि टोकांना रिव्हेटबरोबर शिलाईही घालायला सांगावे. एका ओढीत लांबी बदलण्याची सोय कातड्यात नीट साधत नाही, आणि पावसात भिजलेले कातडे वाळल्यावर कडक होऊन भेगाळते, त्यामुळे तो हिवाळ्या-उन्हाळ्यातील खेळापुरताच वापरावा आणि अधूनमधून तेल लावावे.

शिलाई पाहताना पट्टा जेथे दुमडून कडीत घातला आहे तेथे नजर द्यावी. चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई, किंवा जवळजवळ घातलेल्या आडव्या टाक्यांची दाट पट्टी असेल, तर ती ताण सोसते. एकच सरळ रेघ असेल तर तो पट्टा बाजूला ठेवावा. शिलाई कमकुवत असली तरी बाकीचा पट्टा चांगला असेल, तर बॅगा किंवा ताडपत्री शिवणाऱ्याकडून जाड नायलॉन दोऱ्याने ती पुन्हा घालून घेता येते. सुती दोरा वापरू देऊ नये.

हुक हा स्वस्त पट्ट्यांचा सर्वांत दुबळा भाग असतो. काळ्या रंगाखाली तो पोलादाचा आहे की जस्ताच्या मिश्रधातूचा, हे डोळ्यांना कळत नाही. खिशात लहान चुंबक न्यावे: साध्या पोलादाला ते चिकटते, जस्ताला चिकटत नाही. काही प्रकारच्या स्टेनलेस स्टीललाही ते चिकटत नाही, पण स्वस्त पट्ट्यात स्टेनलेसचा हुक क्वचितच असतो. बटण दाबून निघणारी क्यूडी (क्विक डिटॅच) कडी सोयीची आणि नीरव असते. मात्र एअरसॉफ्टच्या नकलांमध्ये तिच्या खोबणीचे माप थोडे इकडेतिकडे असते, त्यामुळे कडी आणि खोबण एकाच निर्मात्याची घ्यावी आणि बसवल्यावर जोर लावून अनेकदा ओढून पाहावी. स्प्रिंगचा धातूचा हुक सर्व कड्यांना चालतो, पण वाजतो. त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन बोटे रुंदीचे कडे कापून चढवले की आवाज बंद होतो आणि रायफलवर ओरखडेही पडत नाहीत.

प्लास्टिकचे बक्कल दाबून पट्टा सोडवता येणे ही सुरक्षेची बाब आहे. झाडाच्या फांदीत, वाहनाच्या दारात किंवा तारेच्या कुंपणात पट्टा अडकला तर तो गळ्याशी आवळतो. असे बक्कल पट्ट्यात असावे आणि ते दोन्हींपैकी कोणत्याही हाताने, न पाहता सापडावे. वायकेके, ड्युराफ्लेक्स यांसारख्या निर्मात्यांची नावे बकलावर ठशात उमटलेली असतात. निनावी बक्कल उन्हात ठिसूळ झाले की पहिल्या झटक्यात दात तुटतात.

बसवल्यानंतरची परीक्षा आणि ने-आण

नवा पट्टा आणि कडी रायफलवर बसवण्यापूर्वी मजबूत खिळ्याला अडकवून खाली दहा लिटर पाण्याने भरलेला कॅन टांगावा. हे वजन सुमारे दहा किलो होते. कॅन हळूहळू झुलवावा, अर्धा तास तसाच ठेवावा आणि मग हुक उघडला आहे का, बक्कल घसरले आहे का, शिलाईत टाके ताणले आहेत का, हे पाहावे. ही परीक्षा पट्ट्याची आहे; रायफलच्या कडीवर एवढे वजन टांगू नये. रायफलवर बसवल्यानंतर हाताने दोन्ही टोके ओढून प्लास्टिक वाकते का एवढेच पाहावे, आणि पहिल्या खेळात दर विरामाला स्क्रू तपासावेत. सैल होणाऱ्या स्क्रूला धागा-गोंदाचा (थ्रेडलॉकरचा, स्क्रू जागीच धरून ठेवणाऱ्या द्रवाचा) निळा प्रकार लावता येतो. मात्र तो प्लास्टिकला लागू देऊ नये, काही प्लास्टिक त्याने तडकते.

पट्टा लावलेली रायफल खांद्यावर टाकून रस्त्यावरून जाणे कधीही करू नये. बेळगावला छावणी आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, आणि दुरून पाहणाऱ्याला खेळातली रायफल व खरी रायफल यांत फरक कळण्याचे कारण नाही. निपाणीजवळ कोगनोळीच्या नाक्यावरून कोल्हापूरकडे जाताना किंवा चोर्ला घाटातून गोव्याकडे उतरताना वाहन तपासले जाऊ शकते. निवडणुकीच्या काळात तर तपासणी अधिक कडक असते. पट्टा सोडवून वेगळा ठेवावा, मॅगझिन आणि बॅटरी बाहेर काढावी, रायफल बंद पिशवीत मागच्या डिकीत ठेवावी आणि खरेदीची पावती जवळ असावी. लष्कराच्या सध्याच्या गणवेशाच्या नमुन्याचे कापड पट्ट्यासाठीही वापरू नये. तपकिरी, राखाडी किंवा साधा हिरवा रंग पुरेसा लपतो. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत खेळाचा विचारही करू नये, आणि खाजगी जमिनीवर मालकाची लेखी परवानगी घ्यावी.

खेळ संपल्यावर पट्टा रायफलवरून काढून साध्या पाण्यात, थोड्या साबणाने धुवावा आणि सावलीत वाळवावा. चिखल कापडाच्या विणीत राहिला तर त्यातील बारीक वाळू प्रत्येक ओढीला धागे कापत जाते. हुकच्या स्प्रिंगला वाळल्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो. बकलाचे दात पांढुरके पडले, कडीभोवतीचे प्लास्टिक केसाएवढे तडकलेले दिसले किंवा शिलाईचा एक टाका सुटला, तर तो भाग पुढच्या खेळापूर्वीच बदलावा.